डोक्यावरचा सिमेंटचा पत्रा

मी तुमची बचत गटाची ताई बोलते. जेवणं उरकली असतील, भांडी राहिली असतील तर राहू द्या घटकाभर. आज जे बोलायचं आहे ते तुमच्या-माझ्या घराचंच आहे, आणि त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे. ती मी शेवटी ढकलणार नाही, मध्येच सांगीन, कारण शेवटी ठेवली तर जीभ अडखळेल.

सुरुवात एका फोनने झाली. मागच्या महिन्यात शेजारच्या गावच्या एका काकूंचा फोन आला. त्यांची पुतणी लग्न करून अमेरिकेला गेली आहे. तिने नवऱ्याबरोबर तिकडे एक जुनं घर घेतलं. त्या घराच्या तळघरातल्या फरशीत ॲस्बेस्टॉस निघालं. आता ती फरशी काढायची तर साधा गवंडी चालत नाही म्हणे. खास माणसं येतात, अंगभर पांढरे कपडे घालतात, तोंडाला यंत्रासारखे मास्क लावतात, खोली प्लास्टिकने बंद करतात. पुतणीने हे सगळं फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, "काकू, तुमच्या फरशीत पण असेल, बघून घ्या." काकूंची झोप उडाली. मला म्हणाल्या, "बाई, माझ्या सैपाकघरात शहाबादी आहे. नातू दिवसभर तिच्यावर लोळतो. उकरून टाकू का?"

उकरू नका. शहाबादी फरशी हा दगड आहे, कर्नाटकातल्या शहाबादकडच्या खाणीतला चुनखडीचा दगड. त्याच्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं नसतं. कोटा, कडप्पा, तांदूर हेही खाणीतले दगडच. आपल्याकडे जुन्या वाड्यात किंवा शिक्षकांच्या क्वार्टरमध्ये ठिपक्याठिपक्यांची मोझाईक टाइल दिसते, ती सिमेंट आणि संगमरवराच्या चुरीची असते. काकूंच्या पुतणीकडे निघाली ती वेगळी. पातळ, प्लास्टिकसारखी, बहुतेक नऊ इंच बाय नऊ इंचाची चौकोनी टाइल, आणि खाली काळा डांबरी गोंद. अमेरिकेत १९८० सालाच्या आधी बांधलेल्या पुष्कळ घरांत ती सापडते. आणि गंमत बघा, तिकडेही पहिला सल्ला हाच देतात की टाइल अखंड असेल, फुटली-उखडली नसेल, तर तिला हात लावू नका, वरून दुसरी फरशी टाका आणि विसरा. खरवडायला, घासायला गेलात की मगच त्रास.

हे मी काकूंना सांगितलं. त्यांना हायसं वाटलं. मग मी विचारलं, "काकू, फरशीचं झालं. वर काय आहे?"

"वर काय असणार? पत्रे आहेत. सिमेंटचे."

तर बायांनो, आपलं ॲस्बेस्टॉस पायाखाली नाही, डोक्यावर आहे. आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो. दुकानदारही तेच म्हणतो. त्यामुळे कित्येकांना माहीतच नाही की त्या सिमेंटात ॲस्बेस्टॉसचे धागे घातलेले असतात. साधारण दहा भागांत एक भाग. बाकी सिमेंट, राख वगैरे. मातीच्या भिंतीत आपण भुस्सा कालवतो ना, भिंत तडकू नये म्हणून? तसंच आहे हे. नुसत्या सिमेंटचा इतका पातळ पत्रा केला तर हातात घेताच तुटेल. धाग्यांनी तो धरून ठेवला जातो. ही युक्ती ऑस्ट्रियातल्या लुडविग हाटशेक नावाच्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी काढली आणि जगभर पसरली.

ॲस्बेस्टॉस म्हणजे काही रसायन नव्हे. तोही दगडच, पण धाग्यांचा दगड. हाताने पिंजला तर कापसासारखा सुटतो. जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही. एकेकाळी आपल्याकडे राजस्थानात, झारखंडात त्याच्या खाणी होत्या. आता आपण तो बाहेरून आणतो, मुख्यतः रशिया, कझाकस्तान, ब्राझील इथून. आणि ज्या गुणामुळे तो पत्र्यात टिकतो, त्याच गुणामुळे छातीत गेला की तिथेही टिकतो. धागा केसापेक्षा शेकडो पट बारीक, डोळ्याला दिसत नाही. श्वासाबरोबर आत गेला की फुप्फुसात रुततो. शरीर त्याला विरघळवू शकत नाही. वर्षानुवर्षं तिथे राहून तो फुप्फुस कडक करतो, दम लागतो. काहींना फुप्फुसाचा कर्करोग होतो. फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा एक कर्करोग आहे, तो तर बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसमुळेच होतो. हे सगळं लगेच होत नाही. वीस, तीस, कधी चाळीस वर्षं जातात. म्हणून कुणाला दोष कळत नाही. विशीत भुगा खाल्लेला असतो आणि पन्नाशीत दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दम लागतो, तेव्हा पत्रा कुणाला आठवणार?

इंग्लंडमध्ये नेली केरशॉ नावाची एक बाई होती. गिरणीत ॲस्बेस्टॉसचं सूत कातायची. अगदी कोवळ्या वयात कामाला लागलेली. १९२४ साली, तेहतिसाव्या वर्षी गेली. तिच्या फुप्फुसाची तपासणी करून एका डॉक्टरने वैद्यकाच्या मासिकात लिहिलं, तेव्हा जगाला पहिल्यांदा नीट कळलं की हा धागा माणूस मारतो. म्हणजे याला शंभर वर्षं झाली. आज साठहून जास्त देशांत ॲस्बेस्टॉसला बंदी आहे. युरोपात २००५ पासून, आपल्या शेजारच्या नेपाळमध्ये २०१५ पासून. आपल्याकडे पत्रे बनवायला आणि विकायला बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कारखान्यातल्या कामगारांसाठी मोठा निकाल दिला होता. त्यांच्या तब्येतीच्या नोंदी कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायच्या. यावरूनच समजा, हा आजार किती उशिरा उगवतो ते. पण पत्रा कारखान्यातून निघून आपल्या घरावर आला की नोंद ठेवणारं कुणी नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, मला ती वाचून हसू आलं आणि रागही. फ्रान्सचं क्लेमांसो नावाचं एक मोठं लढाऊ जहाज गुजरातेत अलंगला मोडायला निघालं होतं. त्याच्यात ॲस्बेस्टॉस भरलेलं. आपल्या देशात आणि त्यांच्या देशात इतकी बोंबाबोंब झाली की २००६ साली त्यांनी ते जहाज अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं. चांगलं झालं. पण ते जहाज परत पाठवलं त्या दिवशीही आपल्या तालुक्यातल्या दुकानात पत्र्याची गाडी उतरतच असणार.

आता घाबरू नका, हे मी मुद्दाम जोर देऊन सांगते. घरावर अखंड, घट्ट बसलेला पत्रा आहे, त्याच्याखाली तुम्ही झोपता, स्वयंपाक करता, तर तो पत्रा तुम्हाला रात्रीतून काही करत नाही. धागा सिमेंटात पकडलेला असतो. तो सुटतो कधी? पत्रा फुटतो तेव्हा, कापतो तेव्हा, भोक पाडतो तेव्हा, घासतो, ठेचतो तेव्हा. आणि फार जुना झाला की वरची सिमेंटची साय पावसाने धुऊन जाते आणि धागे उघडे पडतात तेव्हा. म्हणून सगळा प्रश्न पत्र्याला हात कसा लावायचा आणि कधी लावायचा नाही याचा आहे.

आता माझी चूक.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात बऱ्याच जणांना घरकुलं मंजूर झाली. जुनी घरं पाडली. पत्रे उतरवताना निम्मे फुटले, कारण वरून सरळ खाली टाकायचे. फुटके तुकडे कुणी नेईना. आणि त्याच वेळी अंगणवाडीसमोरच्या गल्लीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल व्हायचा. मला वाटलं, काय छान डोकं चाललं आपलं! गटाच्या बारा बाया जमवल्या, श्रमदान केलं. तुकडे टोपल्यांनी वाहून आणले, गल्लीत पसरले आणि दगडांनी ठेचून बारीक केले. भर उन्हात, कोरडेच. पांढरी धूळ उडत होती, पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या, आम्ही एकमेकींकडे बघून हसत होतो की म्हाताऱ्या झालो म्हणून. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. ती कडेला बसून दोन तुकडे एकमेकांवर घासून पीठ करत होती, भाकरी थापायला. मी तिचा फोटो काढला. तो फोटो आमच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'आदर्श उपक्रम' म्हणून गेला आणि चाळीस जणींनी त्याला हात जोडले.

गावात एक आजोबा आहेत. तरुणपणी मुंबईकडे पत्र्याच्या कारखान्यात होते. आता चार पावलं चालले की थांबतात. ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "पोरी, हे काय करतीस? आम्हाला तिथं हे भिजवल्याशिवाय झाडू देत नव्हते." मी म्हटलं, "आजोबा, होत आलंय, दहा मिनिटं." मला वाटलं म्हाताऱ्याला धुळीचा त्रास होत असेल. मी ऐकलं नाही. पुढे वर्षभराने तालुक्याला एका प्रशिक्षणात धुळीच्या आजारांवर एक डॉक्टर बाई बोलल्या, तेव्हा माझ्या हातातली वही गळून पडली.

घरी येऊन मी त्या बारा जणींना बोलावून सगळं सांगितलं. एकीने विचारलं, "मग आता आपल्याला काय होणार?" मी डॉक्टर बाईंना हेच विचारलं होतं. त्यांनी सांगितलं ते असं. एक दिवसाच्या धुळीने होणारा धोका वर्षानुवर्षं त्यात काम करणाऱ्या कामगारापेक्षा फार कमी असतो. लगेच एक्स-रे काढून काही दिसत नाही, पैसे घालवू नका. धोका साठत जातो, म्हणून पुन्हा तसं करू नका. घरात कुणी बिडी ओढत असेल तर ती सोडवा, कारण धूर आणि ॲस्बेस्टॉस मिळून कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने नाही, त्याहून पुष्कळ वाढतो. आणि पुढे कधी खोकला बरा होईना, दम लागू लागला, तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं की पत्र्याची धूळ छातीत गेलेली आहे. नाहीतर आपल्याकडे जुना खोकला म्हटला की पहिला संशय क्षयाचा. क्षयाची तपासणी करायचीच, पण एवढी गोष्ट सांगायला विसरायचं नाही. मी माझ्या मुलीच्या दवाखान्याच्या फाइलवर पहिल्या पानावर ती तारीख लिहून ठेवली आहे.

बरं, आता घरात काय करायचं ते सांगते.

पत्रा चांगला आहे, भेग नाही, तर त्याला तसाच राहू द्या. डिशची छत्री, पंख्याचा हुक, दिव्याची तार यासाठी पत्र्याला भोक पाडू नका, भिंतीला किंवा अँगलला पकडा. दिवाळीआधी आपण जळमटं काढतो तेव्हा पत्रा खराट्याने खरवडू नका. लांब काठीला ओलं फडकं बांधा आणि पुसा, मग फडकं बादलीत न झटकता बुडवा. आतून रंग दिला तर फार चांगलं. धागे रंगाखाली दबतात आणि घर उजळतं. फक्त रंगाआधी पॉलिश पेपरने घासायचं नाही. रंगारी ऐकत नाही, "घासल्याशिवाय रंग धरत नाही" म्हणतो. धरू दे कमी, चार वर्षांऐवजी दोन वर्षांनी पुन्हा देऊ. वरचं काळं शेवाळ काढायला तारेचा ब्रश आणि गाडी धुवायचा फवारा, हे दोन्ही वर्ज्य.

पोरांकडे लक्ष ठेवा. आपल्या मुली ठिक्कर खेळतात ना, तिला ठिकरी म्हणून पत्र्याचा तुकडाच हवा असतो, चपटा असतो, छान सरकतो. फरशीवर त्याने पांढऱ्या रेघा पण ओढतात. तो काढून घ्या आणि खापराचा तुकडा द्या. मुलं रडणार नाहीत, मी करून बघितलंय. आणि तुकडे चुलीत, शेकोटीत, होळीत टाकू नका. पत्रा जळत नाही पण तापला की फटाक्यासारखा फुटतो, तुकडा डोळ्यात जाईल.

आता पावसाळ्याच्या तोंडावरचं काम. वानरांनी उड्या मारून पत्रे फोडले, वादळाने वॉशर सैल झाले, मग घरातला गडी वर चढतो. इथे मी थोडा वेळ थांबणार आहे. ॲस्बेस्टॉसचा आजार तीस वर्षांनी येतो, पण पत्र्यातून खाली पडलेला माणूस त्याच दिवशी जातो. सिमेंटचा पत्रा कुणाचंही वजन पेलेल असं धरून चालू नका. जुना तर बिस्किटासारखा तुटतो, आणि तुटण्याआधी आवाजही देत नाही. आमच्या गटातल्या एका बाईचे दीर असेच गेले. गळती बुजवायला चढले होते, पाय आत गेला आणि खाली उखळावर पडले. म्हणून पत्र्यावर कुणी पाय द्यायचा नाही. अगदीच गरज पडली तर खालच्या अँगलच्या किंवा वाशांच्या रेषेत, दोन-तीन अँगलवर टेकेल अशी रुंद फळी टाकून, आणि कमरेला दोर बांधून. ओल्या पत्र्यावर तर नाहीच, शेवाळाने पाय सरकतो. बारीक भेग असेल तर खालून डांबरी पट्टी लावता येते.

पत्रा काढायचाच आहे, घरकुल मंजूर झालंय, तर शक्यतो हे काम ज्याने आधी केलंय त्याच्याकडून करून घ्या आणि त्याला आपल्या अटी आधी सांगा. पहिली अट, पत्रा अखंड उतरवायचा. वरून टाकायचा नाही. खालून परांची बांधायची किंवा शिडी लावायची, बोल्ट सोडायचे, दोघांनी धरून हाताने खाली द्यायचा. गंजलेला बोल्ट सुटत नसेल तर बोल्ट आरीने कापा, पत्रा फोडू नका. ग्राइंडर तर घरात आणूच देऊ नका. मी बघितलंय, मिस्त्री ग्राइंडर लावतो आणि क्षणात सगळं घर पिठाच्या गिरणीसारखं होतं.

दुसरी अट, आधी भिजवायचं. झारीने हलकं पाणी, त्यात चिमूटभर कपड्याची पावडर टाकली की पाणी चांगलं मुरतं. जोराची धार नको. पंपाने फवारलं तर उत्तम, पण थांबा. फवारणीचा पंप आपल्याकडे घरोघरी असतो आणि त्यात कालच औषध मारलेलं असतं. धागा वाचवायला जाल आणि विष छातीत घ्याल. त्या कामाचा पंप यासाठी वापरू नका, झारीच बरी. वारा असेल त्या दिवशी काम नको, सकाळी लवकर करा. घरातलं धान्य, पाणी, पांघरुणं आधी बाहेर काढा किंवा झाका, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा. शेजारणीला आदल्या दिवशी सांगा, ती पापड-कुरडया वाळत घालणार नाही. पोरं आणि गरोदर बाई त्या दिवशी लांब. शेळ्यासुद्धा बांधून ठेवा.

तोंडाला पदर किंवा ओढणी गुंडाळून काही होत नाही. धागा कापडातून आरपार जातो. कोरोनात वापरले ते निळे मास्क पण नाही. आपल्याला माहीत असलेला एन ९५ सुद्धा या कामाला पुरेसा मानत नाहीत. 'एफएफपी ३' असा शिक्का असलेला मास्क मागा. तालुक्याला नसेल तर जिल्ह्याला, जिथे कारखान्याचं सुरक्षेचं सामान विकतात तिथे मिळतो. आमच्या ग्रामसंघाने असे मास्क घेऊन ठेवलेत, ज्या घराचं काम निघेल त्यांना देतो. मास्क नाकाशी घट्ट बसला पाहिजे, गड्यांना दाढी करून यायला सांगा. हसू नका, दाढीतून फट राहते.

आता कपड्यांचं. हे आपल्यासाठी आहे, कारण धुणं आपल्याकडे येतं. कारखान्यातल्या कामगारांच्या बायका कधी कारखान्यात गेल्या नाहीत, नवऱ्याचे कपडे झटकून धुवायच्या, तेवढ्यानेच काहीजणी आजारी पडल्या, हे जगभर नोंदलं गेलंय. तेव्हा कामाला सगळ्यात जुने, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डोकं झाका. काम झालं की कपडे अंगावरच ओले करा, झटकायचे नाहीत, आणि उतरवून पिशवीत बांधून पत्र्याबरोबरच द्या. मास्कही तसाच. मग अंघोळ, केसांवरून. मगच लेकराला जवळ घ्या.

जमीन झाडूने झाडायची नाही. तुकडे हाताने वेचायचे, मग ओल्या फडक्याने पुसायचं. मातीची जमीन असेल तर चांगली भिजवा आणि वरचा पातळ थर ओलाच खरवडून पिशवीत भरा, मग सारवा.

आणि काढलेले पत्रे? इथे माझ्याकडे सोपं उत्तर नाही, म्हणून खरं सांगते. कागदावर हा घातक कचरा आहे. तसा कचरा घेणारी केंद्रं आपल्या राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत, पण ती कारखान्यांसाठी आहेत. एका घरचे दहा पत्रे तिथे कोण पोहोचवणार आणि भाडं कोण देणार? म्हणून एकेकीने धडपडून उपयोग नाही, पूर्ण गावाचा कचरा एका जागी जमा करून पंचायतीनेच पुढे न्यावा लागेल. तोपर्यंत अखंड पत्रे एकावर एक आडवे रचा, जाड प्लास्टिकने पूर्ण झाका, दोराने बांधा. फुटके तुकडे ओले करून दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधा. खताच्या पोत्याला विणीची भोकं असतात, वापरायचं तर आत प्लास्टिक घाला. वर ठळक लिहा, 'ॲस्बेस्टॉस, फोडू नये'. नदीत, ओढ्यात, पडक्या विहिरीत टाकायचं नाही. भरावाला तर नाहीच, ते मी करून बसले आहे. आणि गरिबाला गोठ्यासाठी फुकट देऊन पुण्य मिळवायचं नाही. आपण अंगावरून काढलेली इडा त्याच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होतं ते.

मला कळतं, काहीजणी मनात म्हणत असतील, ही ताई आता पत्र्याला नावं ठेवते, पण आमच्या घरावर पत्रा आला तोच मुळी गटाच्या कर्जातून. खरं आहे. आमच्या गटाचं जुनं कर्ज रजिस्टर मी काढून बघितलं. 'कारण' या रकान्यात शेळी, दवाखाना, मुलीचं लग्न, आणि पानापानावर 'पत्रे'. त्या प्रत्येकीला मी ओळखते. पाचटाचं छप्पर होतं, दर पावसाळ्यात रात्रभर भांडी मांडून बसायची. पत्रा आला तेव्हा तिने पेढे वाटले. लोखंडी पत्र्यापेक्षा हा उन्हात कमी तापतो, गंजत नाही, स्वस्त पडतो. तिने काही चूक केली नाही. पण आता कळल्यावर आम्ही एक केलं. कर्जाच्या अर्जात 'पत्रे' एवढंच लिहून चालत नाही, कोणते ते लिहायचं. रंगीत लोखंडी पत्रा, कौल, किंवा ॲस्बेस्टॉस नसलेला सिमेंटचा पत्रा. हा शेवटचा आता काही कंपन्या बनवतात, दिसायला तसाच, थोडा महाग. दुकानदाराकडून पावतीवर 'ॲस्बेस्टॉसविरहित' असं लिहून घ्यायचं. नुसता डोळ्याने ओळखू येत नाही, म्हणून घरावरचा जुना पत्रा मात्र सगळा ॲस्बेस्टॉसचाच धरून चालायचं. महाग पत्र्याचा वरचा फरक पडतो त्यासाठी हप्ते चार महिने वाढवून देतो. यावरून बैठकीत दोनदा भांडणं झाली, अजून एक गट तयार नाही.

राहिली ती गल्ली. आम्ही ठेचलेलं आता उकरून काढायचं नाही, उकरलं तर तेच पुन्हा उडेल. आम्ही पंचायतीकडे गेलो. पहिल्या वेळी सगळे हसले. दुसऱ्या ग्रामसभेला बाराच्या बारा जणी गेलो आणि त्या आजोबांना खुर्चीत बसवून घेऊन गेलो. ते पाच मिनिटं बोलले, मधे तीनदा थांबले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. गल्ली ओली करून वर मुरूम आणि त्यावर सिमेंट काँक्रीट टाकायचं मंजूर झालं. मुरूम पडलाय, दाबून झालाय. काँक्रीटचं काम निधी आल्यावर, असं सांगितलंय. तोपर्यंत अंगणवाडीच्या सेविका रोज सकाळी मुलं यायच्या आधी गल्लीवर पाणी मारतात. फुटक्या पत्र्यांची अठरा पोती समाजमंदिराच्या मागे बांधून ठेवलीत, आणि ती न्यायची व्यवस्था करा म्हणून ठरावाची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला पाठवली आहे. तुमच्या गावातही अशी पोती असतील तर तुमच्या ग्रामसभेचा ठराव करा आणि त्याची एक प्रत आमच्या ग्रामसंघाला द्या. दहा गावांचं मिळून एक गाडी भरेल, मग 'भाडं परवडत नाही' हे कारण तरी उरणार नाही.

पुढच्या गुरुवारी याच वेळी. त्या काकूंनी शहाबादी उकरली नाही बरं का, पुतणीला कळवलंय तसं. येते.